पाऊस, पायवाट आणि होडी
नंदुरबारच्या डोंगरात एकट्याने प्रवास करताना

महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला वसलेला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. उत्तरेस नर्मदा, मधून वाहणारी तापी आणि या दोन नद्यांच्या दरम्यान आडवी पसरलेली सातपुड्याची रांग, असे या जिल्ह्याचे स्थूल स्वरूप आहे. जून महिन्याच्या उत्तरार्धात येथे पावसाला सुरुवात होते. उन्हाळ्यात करपून गेलेले डोंगर पंधरा दिवसांत हिरवे होतात, कड्यांवरून धबधबे कोसळू लागतात आणि तोरणमाळच्या पठारावर धुके उतरते.

हे दृश्य पाहण्यासाठी येणाऱ्यांची संख्या वाढत आहे. त्यांत पाठीवर एक पिशवी अडकवून एकट्यानेच निघालेले तरुण असतात. एस. टी. ने यावे, पायी हिंडावे, मिळेल ते खावे आणि जमल्यास पाण्यातूनही फेरफटका करावा, अशी त्यांची वृत्ती असते. हवा भरून फुगविता येणाऱ्या, एका माणसाच्या ‘कयाक’ नावाच्या होड्या आता बाजारात मिळू लागल्यामुळे पाण्याचा मार्गही त्यांना मोकळा झाल्यासारखा वाटतो. ही हौस निकोप आहे. तरुणांनी आपला मुलूख पायाखाली घालावा, ही गोष्ट कोणालाही आवडावी अशीच आहे.

तथापि, पावसाळ्यातील सातपुडा आणि नर्मदेचे पाणी यांचे काही नियम आहेत. ते ठाऊक नसतील तर एकट्या माणसाची चूक सुधारण्यासाठी दुसरे कोणी जवळ नसते. हे नियम या भागातील रहिवासी, आरोग्यसेविका, अंगणवाडी सेविका आणि शिक्षक यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या वा वर्षानुवर्षांच्या अनुभवाने अवगत झाले आहेत. त्यांची माहिती एकत्र करून देणे हा या लेखाचा हेतू आहे.

भूमी आणि पाणी

जिल्ह्यात नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके आहेत. अक्राणीचे मुख्य ठिकाण धडगाव हे होय. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजारांवर असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. अक्कलकुवा व अक्राणी हे दोन तालुके जवळजवळ संपूर्णपणे डोंगरांत वसले आहेत. येथील गाव म्हणजे एका ठिकाणी दाटलेली वस्ती नव्हे. एका गावाचे अनेक पाडे असतात आणि एका पाड्यापासून दुसऱ्या पाड्याला जाण्यासाठी एखादी टेकडी चढावी आणि एखादा नाला ओलांडावा लागतो.

सातपुड्यातील अस्तंभा शिखराची उंची १,३२५ मीटर आहे. तोरणमाळचे पठारही एक हजार मीटरहून उंच आहे. या उंचीवरून उत्तरेकडे पडणारे पाणी थोडक्या अंतरात नर्मदेपर्यंत उतरते. उतार तीव्र, दऱ्या अरुंद आणि खडक काळा व टणक, त्यामुळे पाणी मुरण्यास फारसा अवकाश मिळत नाही. माथ्यावर तासभर जोराचा पाऊस झाला की पायथ्याच्या नाल्याला लोंढा येतो. कित्येकदा पायथ्याशी ऊन पडलेले असते आणि नाला मात्र दुथडी भरून वाहत असतो. डोंगरातील पुराचे हे पहिले लक्षण प्रवाशाने ध्यानी ठेवले पाहिजे.

नर्मदेचे पाणी याहून वेगळ्या रीतीने वागते. गुजरातमधील सरदार सरोवर धरणाचा जलाशय जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर पसरला आहे. या प्रकल्पामुळे महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. त्यांपैकी ९ अक्कलकुवा तालुक्यातील आणि २४ अक्राणी तालुक्यातील आहेत. धरणाची पूर्ण संचय पातळी १३८.६८ मीटर असून जलाशय त्या पातळीपर्यंत प्रथम सप्टेंबर २०१९ मध्ये भरला. नदीकाठच्या जुन्या वाटा, शेते आणि नाल्यांची मुखे आता पाण्याखाली आहेत. डोंगराच्या सोंडांमध्ये पाणी शिरून लांबच लांब फाटे तयार झाले आहेत. पूर्वी जेथे पायी जाता येत असे, तेथे आज होडी, बोट किंवा ‘बार्ज’ यांवाचून जाता येत नाही. काठावरील गावांसाठी तरंगत्या दवाखान्याची सोय करावी लागली, आणि अक्कलकुवा विधानसभा मतदारसंघातील मणिबेली येथे मतदान पथके बोटीने पोचविण्यात आली, यावरून परिस्थितीची कल्पना येईल.

जलाशयाची पातळी केवळ स्थानिक पावसावर अवलंबून नसते. मध्य प्रदेशात पाऊस झाला वा वरच्या धरणांतून पाणी सोडण्यात आले, तर येथे एक थेंबही न पडता काठ पाण्याखाली जातो. म्हणून या भागातील माणूस रात्री होडी काठाशी सोडून देत नाही; ती वर ओढून झाडाला बांधतो.

चातुर्मासाचा जुना नियम

कमी खर्चात, एकट्याने आणि पायी प्रवास करण्याची कल्पना नर्मदाकाठाला नवी नाही. नर्मदेच्या परिक्रमेची परंपरा फार जुनी आहे. नदी उजव्या हाताला ठेवून उगमापासून सागरापर्यंत आणि पुन्हा मागे, अशी ही पदयात्रा करणारे परिक्रमावासी नंदुरबारच्या डोंगरातूनही जातात. जवळ पैसा न बाळगणे, मिळेल त्या अन्नावर संतुष्ट राहणे आणि गावाच्या आश्रयाने रात्र काढणे, हे त्यांचे नियम आहेत. गो. नी. दांडेकर यांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ या कादंबरीमुळे आणि जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदेऽऽ हर हर’ या पुस्तकामुळे ही यात्रा मराठी वाचकांच्या परिचयाची झाली आहे.

या परंपरेतील एका नियमाकडे आजच्या हौशी प्रवाशाने अवश्य लक्ष द्यावे. चातुर्मासात परिक्रमावासी चालत नाही. आषाढी एकादशीच्या सुमारास तो एखाद्या गावी वा आश्रमात थांबतो आणि कार्तिकात पुन्हा वाटेला लागतो. नियमाला धार्मिक अधिष्ठान आहेच, पण त्यामागे व्यवहारही आहे. ओढे-नाले भरलेले, वाटा निसरड्या, सरपटणारे प्राणी बाहेर पडलेले आणि गावकरी पेरणी-निंदणीत गुंतलेले, अशा दिवसांत वाटसरूने स्वतःला आणि गावाला संकटात टाकू नये, हा त्यातील शहाणपणा होय. तीन वर्षांहून अधिक काळ चालण्याची तयारी ठेवणारा यात्रिकसुद्धा पावसापुढे थांबतो. मग दोन दिवसांच्या रजेवर आलेल्या प्रवाशाने एक दिवस थांबण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

चिमलखेडीची होडी

हौसेने जाणारा थांबू शकतो. कर्तव्यासाठी जाणाऱ्याला मात्र नेहमीच थांबता येत नाही. एकट्याने होडी वल्हवीत आणि डोंगर चढत पावसाळाभर प्रवास करण्याचे जे उदाहरण या जिल्ह्याने घालून दिले, ते एका अंगणवाडी सेविकेचे आहे.

अक्कलकुवा तालुक्यातील चिमलखेडी येथील अंगणवाडी सेविका श्रीमती रेलू वसावे यांच्या कार्यक्षेत्रात अलीगाट आणि दादर हे पाडे येतात. एरवी तेथील स्त्रिया बालकांना घेऊन होडीने अंगणवाडीत येत असत. २०२० च्या मार्चअखेर कोरोनाची साथ व टाळेबंदी सुरू झाली आणि संसर्गाच्या भीतीने हे येणे बंद पडले. बालकांचे वजन घेतले जाईना आणि पोषण आहार पोचेना. तेव्हा श्रीमती वसावे यांनी एका मच्छिमाराकडून लहानशी होडी मागून घेतली आणि एप्रिलपासून त्या स्वतःच पाड्यांवर जाऊ लागल्या. दुपारपर्यंत अंगणवाडीचे काम, त्यानंतर वजनकाटा व आहाराची पाकिटे घेऊन होडीचा प्रवास, काठाला लागल्यावर डोंगराची चढण आणि संध्याकाळी उशिरा परत, असा त्यांचा क्रम होता. दिवसाकाठी सुमारे १८ किलोमीटर त्या वल्हवीत असत. २५ नवजात व कुपोषित बालके आणि ७ गरोदर स्त्रिया यांची देखभाल त्यांनी अशा रीतीने केली. त्यांच्या या सेवेची दखल त्या वर्षी मुख्यमंत्री कार्यालयानेही घेतली.

या उदाहरणाचे कौतुक झाले ते योग्यच होते. परंतु कौतुकाबरोबर त्यातून बोधही घ्यावयास हवा. श्रीमती वसावे नदीकाठीच वाढल्या होत्या. पोहणे आणि वल्हविणे त्यांना बालपणापासून येत होते. पाण्याचा रंग, वाऱ्याची दिशा आणि काठाची ओळख हे ज्ञान त्यांच्यापाशी होते. बाहेरून नव्याने येणाऱ्या प्रवाशापाशी, तसेच बदली होऊन आलेल्या शिक्षकापाशी किंवा ग्रामसेवकापाशी ते नसते. म्हणून तेच धाडस त्याने केले तर ते अविचाराचे ठरू शकते.

होडी आणि कयाक

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांची शिकारीची होडी. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवीत. ती अरुंद, हलकी आणि बहुधा एकाच माणसासाठी असते. दोन्ही टोकांना पाते असलेले एकच वल्हे दोन्ही हातांनी धरून आळीपाळीने डावीउजवीकडे मारावयाचे असते. वल्हविणारा पाण्याच्या पातळीलाच बसत असल्यामुळे लहान लाटांत ती स्थिर राहते. पण तिरपी होऊन पाणी आत शिरले की सावरण्यास अवधी कमी मिळतो. आपल्याकडील मच्छिमारांची लाकडी होडी अधिक रुंद व जड असते. तिला वेग कमी, पण ओझे सहन करण्याची शक्ती अधिक.

नर्मदेच्या जलाशयात चार गोष्टींचे भय असते. पहिले वाऱ्याचे. लांब आणि डोंगरांच्या मधून गेलेल्या जलाशयात वारा कोंडून जोराने वाहतो आणि बघता बघता लाटा उठतात. सकाळी पाणी शांत असते म्हणून मोठे अंतर सकाळीच तोडावे. लाट नेहमी होडीच्या नाळेवर घ्यावी, कुशीवर घेऊ नये. दुसरे भय बुडालेल्या झाडांचे. पातळीखाली राहिलेले शेंडे वरून दिसत नाहीत आणि फुगविलेल्या होडीला एक फांदी पुरेशी होते. तिसरे गाळाचे. पाणी ओसरल्यावर काठावर जो चिकण गाळ राहतो, तो वरून वाळलेला दिसला तरी आत ओला असतो. त्यात जनावरे आणि माणसेही रुततात. काठाला लागावयाचे ते खडकाळ जागी किंवा गावकऱ्यांच्या नेहमीच्या उतारावरच लागावे. चौथे भय अतिभाराचे. जानेवारी २०१९ मध्ये मकरसंक्रांतीच्या दिवशी धडगाव परिसरात क्षमतेहून फार अधिक माणसे बसलेली बोट नर्मदेत उलटली आणि काहींना प्राणास मुकावे लागले. तो हिवाळ्याचा दिवस होता. पाऊस नसतानाही पाणी क्षमा करीत नाही, हे या दुर्घटनेने दाखवून दिले.

जीवरक्षक जाकीट अंगात घालून बंद बांधल्याखेरीज होडीत पाय ठेवू नये. पोहता येणाऱ्यालाही हा नियम लागू आहे. होडी उलटली तर काठाकडे पोहण्याची घाई न करता उलटलेल्या होडीलाच धरून राहावे. ती तरंगते आणि दुरूनही दिसते. काठापासून फार दूर जाऊ नये आणि पात्र ओलांडू नये. समोरचा काठ बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या राज्याचा आहे, ही गोष्टही विसरता कामा नये. ज्याने यापूर्वी कधी वल्हे हाती धरले नाही, त्याने नर्मदेच्या जलाशयाकडे न वळता स्थिर पाण्यावर, जाणत्याच्या देखरेखीखाली सुरुवात करावी. पूर आलेल्या नदीत किंवा नाल्यात होडी घालणे सर्वांनाच वर्ज्य आहे.

ओढा ओलांडण्यापूर्वी

पायी हिंडणाऱ्यांसाठी तोरणमाळ हे ठिकाण सोयीचे आहे. शहाद्याहून म्हसावद व राणीपूरमार्गे घाट चढून तेथे जाता येते. अंतर सुमारे ५० ते ५५ किलोमीटर आहे. यशवंत तलाव, सीताखाई, मच्छिंद्रनाथांची गुंफा आणि गोरखनाथांचे मंदिर ही तेथील पाहण्याजोगी स्थळे एकमेकांपासून पायी जाण्याइतकी जवळ आहेत. पावसाळ्यात सीताखाईच्या दरीत प्रपात कोसळतात. धडगाव तालुक्यातील बिलगावचा बाराधारी धबधबा हेही असेच एक रमणीय स्थळ होय. अशा जागी कड्याच्या टोकावर शेवाळलेल्या खडकावर उभे राहण्याचा मोह टाळावा. धुक्यात कडा कोठे संपतो, ते दिसत नाही.

डोंगरात सर्वांत अधिक धोका ओढा ओलांडताना असतो. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. त्यामुळे गुडघ्याएवढे पाणीही धडधाकट माणसाला उलथून टाकू शकते. पाणी एकाएकी गढूळ होणे, काटक्या व पालापाचोळा वाहून येणे आणि वरच्या बाजूने घरघर ऐकू येणे, ही लोंढा येत असल्याची चिन्हे आहेत. ती दिसताच उंच जागी जावे. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर खालची फरशी जागेवर आहे की वाहून गेली आहे हे कळत नाही. म्हणून ती पायी वा वाहनाने ओलांडू नये.

सुदैवाने या भागातील नाले जितक्या त्वरेने चढतात, तितक्याच त्वरेने उतरतात. दोन-चार तास थांबले की बहुधा वाट मिळते. ज्या प्रवाशाने परतीची गाडी चुकू नये म्हणून घाई केली त्याला नाल्याने नेले, आणि जो पाड्यावर चहा घेत बसला तो दुसऱ्या दिवशी घरी पोचला, असा अनुभव डोंगरातील कोणताही वडीलधारा माणूस सांगेल. म्हणून एकट्याने निघणाऱ्याने कार्यक्रमात एक दिवस मोकळा ठेवावा.

भारतीय हवामान विभाग जिल्हावार इशारे हिरवा, पिवळा, नारिंगी आणि तांबडा या रंगांनी देतो. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढील पाऊस ‘जोरदार’, ११५.६ पासून पुढील ‘अति जोरदार’ आणि २०४.४ मिलिमीटरहून अधिक पाऊस ‘अत्यंत जोरदार’ समजला जातो. नारिंगी किंवा तांबडा इशारा असताना डोंगरात आणि पाण्यावर जाऊ नये. विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ हे ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केले आहे. मात्र अनेक पाड्यांवर मोबाईलचे जाळे पोचत नाही, म्हणून ही माहिती निघण्यापूर्वीच पाहून घ्यावी. गडगडाट ऐकू आला की माथा आणि एकटे झाड सोडून खाली यावे, पाण्यावर असल्यास काठाला लागावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यावा.

अंगावरचा पाऊस

भिजण्याने सर्दी होते एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. परंतु पठारावर वारा असताना दिवसभर ओल्या कपड्यांत राहिल्यास शरीराची उष्णता धोकादायक रीतीने कमी होते. कापूर सुटणे, बोलणे अडखळणे आणि विचार सुचेनासा होणे ही तिची लक्षणे होत. एकट्या माणसाला स्वतःची ही अवस्था ओळखता येत नाही, हे त्यातील मोठे भय आहे. सुती कपडा पाणी धरून ठेवतो. लोकरीचा किंवा लवकर वाळणारा कपडा बरा. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा आणि मुक्कामाखेरीज तो उघडू नये.

पिण्याचे पाणी उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकूनच घ्यावे. पायांच्या बेचक्या रोज रात्री कोरड्या कराव्यात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे विषारी साप पावसाळ्यात कोरडी जागा शोधीत वस्तीत येतात. म्हणून जमिनीवर झोपणे टाळावे, बूट झटकून घालावेत आणि रात्री बॅटरीवाचून फिरू नये. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये. दंश झालेला अवयव न हलविता रुग्णास शक्य तितक्या लवकर रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि अन्य संकटात ११२ हे क्रमांक आहेत.

खर्चाचा हिशेब

हा प्रवास थोडक्या पैशांत होऊ शकतो. नंदुरबार हे सुरत–भुसावळ लोहमार्गावरील स्थानक आहे. तेथून तालुक्यांच्या गावी एस. टी. च्या गाड्या जातात. महामंडळाची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही चार व सात दिवसांच्या पासाची योजना १९८८ पासून चालू असून फिरतीवर निघालेल्यास ती उपयोगी पडते. मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस. टी. च्या भाड्यात ५० टक्के सवलत देण्यात आली आहे. आतील पाड्यांपर्यंत प्रवासी जीपगाड्या असतात. पावसात त्या केव्हा बंद पडतील याचा नेम नसतो.

परंतु स्वस्त प्रवास म्हणजे फुकट प्रवास नव्हे. आषाढ-श्रावण हे डोंगरातील कुटुंबांना अडचणीचे महिने असतात. गेल्या हंगामातील धान्य संपत आलेले असते आणि नवे पीक अद्याप शेतात असते. आदिवासी घरात आलेल्या पाहुण्याला भाकरी दिल्यावाचून कोणी जाऊ देणार नाही; ती भाकरी त्या घरच्या मुलाच्या वाट्याची असू शकते, याचे भान पाहुण्याने ठेवावे. आपला शिधा आपण न्यावा, जेवणाचा व मुक्कामाचा मोबदला आग्रहाने द्यावा आणि वाटाड्याची मजुरी ठरविताना घासाघीस करू नये. वाटाड्यावर होणारा खर्च हा चैनीचा खर्च नव्हे. ज्या एका दिवशी वाट अवघड असेल, त्या दिवशी तरी एकटेपणाचा आग्रह सोडून गावातील जाणता माणूस बरोबर घेणे हेच काटकसरीचे ठरते.

गावाची भूमिका

एकटा प्रवासी हरवला की त्याचा शोध घेण्यास प्रथम गावकरीच पुराच्या पाण्यात उतरतात. म्हणून त्याची सुरक्षितता ही केवळ त्याची खाजगी बाब राहत नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण काम करते. तथापि, त्याची मदत डोंगरात पोचण्यापूर्वीचे काही तास गावाच्याच हाती असतात. जिल्ह्याचा बराचसा भाग अनुसूचित क्षेत्रात असून १९९६ च्या पेसा कायद्याने योग्य स्तरावरील पंचायतींना गौण जलसाठ्यांच्या व्यवस्थापनाबाबतही अधिकार दिले आहेत. आपल्या हद्दीतील तलाव, धबधबा किंवा उतार यांचा वापर कोणी, केव्हा आणि कोणत्या अटींवर करावा, याचा विचार ग्रामसभेने करणे उचित ठरेल.

त्यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतीत किंवा पोलीस पाटलाकडे एक नोंदवही ठेवावी. येणाऱ्याने तीत नाव, घरचा दूरध्वनी क्रमांक, जाण्याची वाट आणि परतण्याची वेळ लिहावी, आणि परतल्यावर सही करावी. ठरलेल्या वेळी सही झाली नाही, तर शोध कोणत्या दिशेने घ्यावयाचा हे लगेच कळते. फरशी पुलाच्या कठड्यावर किंवा काठच्या खडकावर तांबड्या रंगाची रेघ ओढून, पाणी तिच्यावर असेल तर ओलांडू नये, असे ठरवावे. ही रेघ परक्यालाही वाचता येते. एक मजबूत दोर आणि काही जीवरक्षक जाकिटे शाळेत किंवा पंचायतीत असावीत. पट्टीच्या पोहणाऱ्यांची व होडी चालविणाऱ्यांची यादी भिंतीवर लावावी.

शिक्षकांचे कार्य याहून अधिक टिकाऊ आहे. मुलांना पाण्याची खूण ओळखावयास शिकविणे, सर्पदंशावरील प्रथमोपचार त्यांच्या तोंडी बसविणे आणि गावातील वृद्धांकडून जुन्या वाटांची माहिती लिहून घेणे, हे उपक्रम शाळेत सहज होऊ शकतात. अशाच मुलांतून उद्याचे वाटाडे आणि नावाडी तयार होतील आणि पावसाळ्यात गावातच त्यांना चार पैसे मिळतील.

अधिकाऱ्यांनी एका गोष्टीचा विशेष विचार करावा. हौशी प्रवासी वर्षातून एकदा येतो. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती, परिचारिका आणि शिक्षक यांना तोच नाला आणि तेच पाणी प्रत्येक आठवड्यात ओलांडावे लागते, आणि तेही पुष्कळदा एकट्याने. पावसाळ्यापूर्वी त्यांच्या प्रत्येकाच्या अंगात बसेल असे जाकीट त्यांना मिळाले आहे काय, त्यांची होडी डागडुजी करून ठेवली आहे काय, आणि पाणी चढले असताना न गेल्याबद्दल त्यांच्याकडे खुलासा मागितला जाणार नाही, अशी त्यांची खात्री पटविली आहे काय, हे तीन प्रश्न मे महिन्याच्या आढावा बैठकीत विचारले जावेत. जे साधन आणि जी मुभा कामावरच्या माणसाला मिळते, तिचा लाभ पुढे पाहुण्यालाही होतो.

दिवाळीच्या सुमारास अस्तंभ्याची यात्रा भरते. तोवर नाले ओसरलेले असतात, वाटा वाळलेल्या असतात आणि हजारो पावले रात्रीतून शिखराकडे निघतात. पावसाळाभर ज्याने धीर धरला, त्याच्यासाठी डोंगर आपली वाट मोकळी करून ठेवतो. तोपर्यंत येणाऱ्याने पाऊस पाहावा, भिजावे, हिंडावे. पण तांबड्या रेघेवर पाणी आले की गावात परतून चुलीपाशी बसावे. नोंदवहीत परतीची सही झालेली पाहण्यातच त्या गावाला समाधान आहे.